अडीच टनांची लिंकन: जुनं ४३० ठेवू की नवं इंजिन बसवू?

नोव्हीकर

नमस्कार मंडळी. मी मिशिगनात नोव्ही इथे राहतो. दोन वर्षांपूर्वी एका आजोबांकडून १९६४ ची, फोर्डची लिंकन कॉन्टिनेंटल कन्व्हर्टिबल (छप्पर उघडणारी) घेतली. चार दारांची, मागची दारं उलटी उघडणारी. जिथे ही बनली तो विक्समचा कारखाना माझ्या घरापासून जेमतेम दहा मिनिटांवर होता. २००७ मध्ये तो बंद पडला. पण गाडी घराजवळच जन्मली हे बायकोला सांगायला उपयोगी पडलं.

आता मूळ दुखणं. इंजिन ४३० घनइंचांचं, म्हणजे सात लिटरचं. सकाळी सुरू केली की निळा धूर निघतो, आणि गरम झाली की ऑइलचा दिवा सिग्नलला लुकलुकतो. ओव्हरहॉल करून द्यायला इथल्या एका मशीन शॉपने जो आकडा सांगितला, त्यात एक बरी वापरलेली कॅमरी येईल. शिवाय 'पार्ट मिळाले तर' अशी पुस्ती.

म्हणून नवीन इंजिन बसवावं असं मनात आहे. नजरेसमोर तीन आहेत: जीएमचं एलएस३ आणि त्यामागे ४एल८०ई गिअरबॉक्स, फोर्डचं ५ लिटर कोयोट, नाहीतर फोर्डचंच ७.३ लिटर 'गॉडझिला'. कल एलएस३ कडे आहे. ४३० हॉर्सपॉवर, म्हणजे जुन्या ३२० च्या मानाने चांगलीच उडी. मला रेस खेळायची नाही. किल्ली फिरवली की सुरू व्हावी, एसी चालावा, आणि उन्हाळ्यात आई-बाबा आले की त्यांना मागे बसवून ट्रॅव्हर्स सिटीपर्यंत नेता यावं, एवढंच. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चिमणराव_२

पेट्रोल पंपाला लागून घर बघा आधी. इंजिनाचं नंतर पाहू.

लिमाचा_फिटर

नोव्हीकर, मी ओहायोत राहतो. तुमचं ४३० लिमा गावातल्या कारखान्यात बनलं, त्यामुळे मला बोलण्याचा थोडा हक्क आहे.

सर्वात आधी, ४३० आणि ३२० हॉर्सपॉवर हे दोन आकडे शेजारी ठेवू नका. १९६४ चा ३२० हा 'ग्रॉस' आकडा आहे. इंजिन स्टँडवर बांधायचं, त्याला ना अल्टरनेटर, ना एअर फिल्टर, ना गाडीचा सायलेन्सर, आणि मग मोजायचं. १९७२ पासून अमेरिकन कंपन्या 'नेट' आकडा देऊ लागल्या, म्हणजे गाडीत असतं तसं सगळं जोडून मोजलेला. म्हणजे तुमच्या इंजिनाची ताकद कागदावरच्यापेक्षा कमीच आहे. पण अडीच टनांची गाडी हॉर्सपॉवरवर हलत नाही, ती टॉर्कवर, म्हणजे इंजिनाच्या पिळण्याच्या जोरावर हलते. तुमच्या ४३० चा टॉर्क ४६५ पाउंड-फूट. तोही ग्रॉस, मान्य. पण तो मिळतो मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आत. एलएस३ चा साधारण ४२५, आणि तो ४६०० फेऱ्यांना. सिग्नल सुटल्यावर तुमची लिंकन आज जशी आवाज न करता, एखाद्या बोटीसारखी सरकते, तशी एलएसने सरकणार नाही. ती ओरडेल, गिअर खाली टाकेल आणि मग पळेल. पळेल जोरात, यात वाद नाही. पण मागे आई-बाबा बसलेले असतील.

आता ओव्हरड्राइव्हचं, म्हणजे हायवेवर इंजिन कमी फिरवणाऱ्या वरच्या गिअरचं गणित. मागच्या एक्सलचं गुणोत्तर २.८९ धरू, टायरचा व्यास २९ इंच. ७० मैलांच्या वेगाला सरळ गिअरात इंजिन फिरतं साधारण २३५० फेऱ्यांनी. हे मुळातच कमी आहे. त्यात ४एल८०ई चा ०.७५ चा चौथा गिअर लावलात तर साडेसतराशे. जिथे एलएस जांभया देतं, नेमकं तिथे. जरा चढ आला की गिअरबॉक्स तिसऱ्यात, उतार आला की चौथ्यात. ट्रॅव्हर्स सिटीपर्यंत हाच खेळ. मग तुम्ही वैतागून मागचा एक्सल बदलणार. हा खर्च तुमच्या यादीत दिसत नाही.

आणि शेवटचं, जे खरं म्हणजे पहिलं हवं होतं: कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, तपासलंत का? ऑइल प्रेशरला साधा यांत्रिक गेज लावून पाहिलात का? साठ वर्षं जुन्या दिव्यावर विसंबून इंजिन उतरवू नका.

बे_एरिया_बापू

फिटरकाकांना नेहमीप्रमाणे जुन्या लोखंडाचं प्रेम. :)

एलएस लोक उगाच बसवत नाहीत. माझ्या मित्राच्या १९६५ च्या इम्पालात बसवलं, आज चार वर्षं एक तक्रार नाही. सुटा भाग पाहिजे तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. पूर्ण ॲल्युमिनियमचं, सगळं लावून वजन दोनशे किलोंच्या आसपास. तुमचं ४३० तीनशेच्या वर. नाकावरून शंभराहून जास्त किलो उतरले की स्टिअरिंगला, ब्रेकला, सगळ्यालाच आराम. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना धुराची तपासणी माफ आहे. मिशिगनात तर मुळातच नाही. तेव्हा कागदपत्रांचीही कटकट नाही.

लिमाचा_फिटर

बापू, इम्पालाला स्वतंत्र चासी आहे आणि वायपर विजेवर चालतो. या गाडीचा वायपर कशावर चालतो माहिती आहे?

बे_एरिया_बापू

मोटरवर? आणखी कशावर चालणार?

लिमाचा_फिटर

पॉवर स्टिअरिंगच्या तेलावर. १९६१ ते १९६९ च्या कॉन्टिनेंटलमध्ये पॉवर स्टिअरिंगच्या पंपातून दाबाखालचं तेल वायपरच्या मोटरीकडे जातं आणि ते तेल काच पुसतं. आवाज शून्य, वेग हवा तसा कमीजास्त. इंजिन बदललंत की पंप बदलला. नव्या पंपाचा दाब आणि प्रवाह वेगळा, नळ्यांची तोंडं वेगळी. मिशिगनच्या पावसात हे हायवेवर कळू नये.

ही तर एकच गोष्ट. ब्रेकचा बूस्टर, हीटरची झाकणं, हँडब्रेक आपोआप सोडणारी यंत्रणा, हे सगळं इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर. एलएसही व्हॅक्यूम देतं, ते जोडता येईल. पण तिथे 'गरम' कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा रेसच्या धर्तीचा दांडा टाकलात, खडखड आवाज येतो तो, तर व्हॅक्यूम पडतो आणि ब्रेकचं पेडल दगड होतं.

नोव्हीकर

वायपरचं वाचून आत्ता गॅरेजमध्ये जाऊन आलो. खरंच दोन नळ्या फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीकडे) जातायत. दोन वर्षं मला वाटत होतं त्या एसीच्या आहेत.

कॉम्प्रेशन या शनिवारी तपासतो.

गिरगावचा_बाळ

धागा वाचून जुनं आठवलं. आमच्या काकांकडे पन्नासच्या दशकातली प्लिमथ होती, कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात जोडलेली. पेट्रोल परवडेना म्हणून त्यांनी तिच्यात डिझेल इंजिन घातलं. तेव्हा हे सर्रास चालायचं. मोठ्या अमेरिकन गाडीत पर्किन्सचं नाहीतर मॅटाडोरचं डिझेल, आणि वर लग्नाच्या वरातीसाठी झेंडूच्या माळा.

काकांची गाडी मायलेज देऊ लागली, काका खूश. पण उभी असताना आरसा इतका हलायचा की मागचं काही दिसायचं नाही. दोन वर्षांत दाराची बिजागरी ढिली, चौथ्या वर्षी रेडिएटरचा ब्रॅकेट तुटला. मेकॅनिक म्हणायचा, 'शेठ, इंजन बसलं, पण गाडीला मानवलं नाही.' पुढे ती ऑर्लेमच्या एका गृहस्थाला विकली. त्यांनी पुन्हा पेट्रोल इंजिन शोधून बसवलं असं ऐकलं.

काकू मात्र शेवटपर्यंत म्हणायची, ते डिझेल नव्हतंच, पिठाची गिरणी होती.

शनिवारवाडा

भारतात असतात तर सरळ सांगितलं असतं, हात लावू नका. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची 'व्हीए' मालिकेत व्हिंटेज नोंदणी होते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. एलएस घातलेली लिंकन त्यात बसणार नाही. तिकडे कायदा आड येत नसेल, पण तत्त्व तेच. मूळ इंजिन काढलेली गाडी म्हणजे नुसता सांगाडा उरतो.

बे_एरिया_बापू

सांगाडा तरी रस्त्यावर धावेल. मूळ इंजिनाची गाडी गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली झोपलेली असते. डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात केनेडींची लिंकन आहे, मूळ रूप बघायचं असेल तर तिकीट काढून बघा.

शनिवारवाडा

केनेडींची गाडी मूळ रूपात आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? आधी ती लांब केली, नंतर चिलखत घातलं, पक्कं छप्पर बसवलं. उदाहरण तरी नीट निवडा.

बे_एरिया_बापू

बरं, हे मान्य.

सई_कंपन

मी पुण्यात गाड्यांच्या कंपनांवर काम करते, म्हणून दोन गोष्टी. बाळदादांच्या काकांच्या आरशाचं कारण सोपं आहे. चार सिलिंडरच्या डिझेलचे झटके त्या बॉडीला आणि त्या माऊंटिंगला कधी सांगितलेच नव्हते. व्ही८ च्या जागी व्ही८ आलं तर तो त्रास बराच कमी.

लिंकनला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यात छप्पर कापलेलं आणि चार दारांची भोकं. कन्व्हर्टिबल जड असते ती याचसाठी. छपराने जो पीळ सहन करायचा तो तळाला सहन करावा लागतो, म्हणून तळ जाड करतात. तेव्हा इंजिन उतरवायच्या आधी चारही दारांच्या फटी मोजून लिहून ठेवा, वर, मधे, खाली. गाडी उचलताना दारं बंद ठेवा आणि आधार रुंद द्या. नाकावरचं ओझं गेलं की पुढची बाजू वर येईल, स्प्रिंग बदलावे लागतील, चाकांचे कोनही. 'शंभर किलो कमी झाले' हे ऐकायला छान, पण गाडी त्या शंभर किलोंसकट जुळवलेली आहे.

दुसरी गोष्ट, आणि इथे कोणी बोललंच नाही म्हणून आश्चर्य वाटतं: ब्रेक! १९६४ ला चारही चाकांना ड्रम आहेत. पुढे डिस्क १९६५ पासून आल्या. ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडरही एकाच सर्किटचा असणार, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. इंजिनावर एक डॉलर खर्च करण्याआधी पुढे डिस्क आणि दुहेरी मास्टर सिलिंडर बसवा.

चिमणराव_२

सईताईंना +१. थांबता येत नसेल तर निघू नये, असं आमचे पीटीचे सर म्हणायचे. अर्थात ते सायकलबद्दल होतं.

ट्रकवाला_टेक्सास

गॉडझिलाबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. २०२० पासून सुपर ड्यूटी ट्रकमध्ये येतं. कॅम ब्लॉकमध्येच, जुन्या पद्धतीचं पुशरॉड, त्यामुळे अंगाने अरुंद. कोयोटला चार कॅम डोक्यावर असतात, म्हणून ते पाच लिटरचं असूनही अंगाने पसरतं. जुन्या गाडीत कोयोट घालणारे निम्मे लोक रुंदीपाशी अडकतात. गॉडझिलाचा टॉर्क ४७५, चार हजार फेऱ्यांना, आणि खालीही भरपूर. फोर्डच्या गाडीत फोर्डचं इंजिन, जत्रेत मान खाली घालावी लागत नाही.

अडचण एकच, ट्रकचा इनटेक (हवा आत घेणारा वरचा भाग) उंच आहे आणि खालचं ऑइलचं चेंबर खोल. लिंकनचं बॉनेट टेबलासारखं सपाट. मोजून घ्या, नाहीतर बॉनेटला भोक.

हिरवी_वाट

इलेक्ट्रिक का नको? शून्य फेऱ्यांना पूर्ण टॉर्क, आवाज नाही. बोटीसारखं सरकणं म्हणता ना, ते यातच.

लिमाचा_फिटर

खरं सांगू? सरकण्यापुरतं तुमचं बरोबर आहे, या गाडीच्या स्वभावाला इलेक्ट्रिक मोटर शोभेल. पण व्हॅक्यूमला पंप, वायपरच्या तेलाला पंप, हीटरला वेगळी सोय, आणि बॅटऱ्या ठेवायच्या कुठे? डिकीत छप्पर जातं! ही डिकी मागच्या बाजूला बिजागरी असलेली, उलटी उघडते आणि अख्खं छप्पर गिळते. छप्पर उघडलं की सामानाला जागा उरत नाही, बॅटऱ्या राहू द्या.

छपराचा विषय निघालाच आहे म्हणून: त्याचे रिले, लिमिट स्विच आणि हायड्रॉलिक पंप हा वेगळा धागा आहे. त्यात आत्ता शिरू नका.

नोव्हीकर

शनिवारचा अहवाल.

यांत्रिक गेज लावला. ऑइल प्रेशर गरम असतानाही बरं आहे. दिव्याचा सेन्सरच गेलेला होता. दोन वर्षं मी एका सेन्सरमुळे झोप घालवली.

पण कॉम्प्रेशन. सहा सिलिंडर एकमेकांच्या जवळपास. डाव्या बाजूचे दोन शेजारी निम्म्यावर. त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घेतलं, तर एक बराच वाढला, दुसरा तसाच. शेजारच्या मुलाकडचा कॅमेरा आत घातला. एका सिलिंडरच्या भिंतीवर उभा ओरखडा, नखाला लागेल असा.

लिमाचा_फिटर

जो वाढला त्याच्या रिंगा किंवा भिंत. जो वाढला नाही त्याचा व्हॉल्व्ह, नाहीतर दोघांमधलं गॅस्केट. ओरखडा असेल तर बोअर करावं लागणार, म्हणजे मोठे पिस्टन, म्हणजे इंजिन उतरणारच. आणि या इंजिनाचं एक वेगळेपण आहे: हेड खालून सपाट असतं, ज्वलनाची पोकळी ब्लॉकमध्येच, कारण ब्लॉकचा माथा तिरका कापलेला. तेव्हा जो माणूस रोज शेव्हर्लेची इंजिनं करतो त्याच्याकडे देऊ नका. हे आधी हाताळलेला शोधा.

आता तुम्ही 'नवं' म्हणताय त्यात एक नाव राहिलं. फोर्डचं ४६०. १९६८ मध्ये लिंकनने तुमच्या इंजिनाच्या वंशाला रजा देऊन कॉन्टिनेंटलमध्ये हेच बसवलं, तेव्हा त्याचा टॉर्क ५०० होता. तोही ग्रॉस, पण तुलना आता एका मापाची. २८०० फेऱ्यांना. नव्वदच्या दशकापर्यंत हे ट्रकमध्ये येत होतं, म्हणून पिस्टनपासून ॲल्युमिनियमच्या हेडपर्यंत सगळं आजही नवं मिळतं. मागे सी६ गिअरबॉक्स, तीन गिअर. वर सांगितलेल्या गणिताप्रमाणे तुम्हाला चौथा लागत नाही. कार्ब्युरेटर काढून त्याच जागी स्वतः शिकणारं फ्युएल इंजेक्शन बसवा, किल्ली फिरवली की सुरू. नवेपणातलं तुम्हाला हवं ते एवढंच होतं ना?

बोल्ट जुळत नाहीत, हे आधीच सांगतो. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं बेलहाऊसिंग वेगळं, तुमचा जुना गिअरबॉक्स मागे बसणार नाही. माऊंटिंग बनवावं लागेल, प्रोपेलर शाफ्ट कापावा लागेल. चेंबरची खोली पुढे हवी की मागे हे इंजिनाखालचा आडवा दांडा, म्हणजे तुमचा क्रॉसमेंबर ठरवेल. पण स्टिअरिंगचा जुना पंप ब्रॅकेट बनवून तसाच ठेवता येईल, म्हणजे वायपर वाचला.

बे_एरिया_बापू

वजन मात्र तेवढंच राहिलं.

सई_कंपन

तेवढंच राहिलं म्हणूनच स्प्रिंग तेच राहतील. यावेळी मी फिटरकाकांच्या बाजूने.

ट्रकवाला_टेक्सास

१९७२ नंतरचं ४६० घेणार असाल तर एक सांगतो. कॉम्प्रेशन साडेआठच्या आसपास असतं, म्हणजे साधं पेट्रोल चालतं. तुमच्या ४३० ला दहाच्या वर असल्याने महागडं लागायचं. पण धुराच्या नियमांसाठी तेव्हा त्यांनी कॅमचं टायमिंग मागे ओढलेलं असे. उघडलंच आहे तर टायमिंग चेन आणि गिअर जुन्या सरळ मापाचे टाका. स्वस्तातला सगळ्यात मोठा फरक.

नोव्हीकर

बऱ्याच महिन्यांनी येतोय, क्षमस्व.

आधी ब्रेक केले. पुढे डिस्क, दुहेरी मास्टर सिलिंडर. सईताई, त्या एका कामानंतर गाडीची भीती गेली, आभार.

मग टोलेडोजवळ एक सत्तरच्या दशकातली कॉन्टिनेंटल सापडली. तळ गंजून जाळी झालेला, पण ४६० चालू. फिटरकाका स्वतः दोन तास गाडी चालवून आले, इंजिन थंड असताना सुरू करून ऐकलं, मालकाशी लोखंडाच्या भावाने घासाघीस केली आणि जाताना माझ्या आईने दिलेला चिवडा घेऊन गेले. टायमिंग चेन बदलली, सील सगळे नवे, हेड तपासून घेतले. इंजेक्शन बसवलं. माऊंटिंग दोनदा करावं लागलं, पहिल्यांदा एअर फिल्टर बॉनेटला अर्धा इंच लागत होता. दारांच्या फटी मोजून ठेवल्या होत्या. इंजिन बसल्यावर एका दाराची एक मिलिमीटर बदलली, तीही कदाचित माझ्या मोजण्यातली.

४३० विकलेलं नाही. गॅरेजच्या कोपऱ्यात स्टँडवर आहे, ऑइल घालून, झाकून. शनिवारवाडा यांच्या समाधानासाठी.

परवा पावसात पहिली मोठी फेरी मारली. वायपर चालतात, तेलावर, आवाज न करता. बाबा मागच्या सीटवर झोपले.

घरी आल्यावर ऊन पडलं म्हणून छप्पर उघडायला गेलो. डिकी उघडली, छप्पर अर्धं वर आलं आणि तिथेच थांबलं. गेले दोन दिवस तसंच आहे, गॅरेजचं दार लागत नाही.

लिमाचा_फिटर

कोणत्याही गोष्टीला हाताने ओढू नका. बॅटरीचं व्होल्टेज मोजा आणि नवा धागा काढा. येतोच.